संत्र्याच्या जाहिरातीवर टीका झाली. मग स्वयंसेविकेने काम सोडावे का?

ऑक्टोबर महिना जगभर स्तनाच्या कॅन्सरविषयी जनजागृतीचा महिना म्हणून पाळला जातो. गुलाबी रिबन, रॅली, शिबिरे, भाषणे असे सगळे होते. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मात्र देशभर चर्चा झाली ती एका जाहिरातीची. क्रिकेटपटू युवराज सिंग यांच्या 'यूवीकॅन' फाउंडेशनची ही जाहिरात दिल्ली मेट्रोच्या डब्यात लागली होती. चित्रात बसमधल्या बायका आणि संत्री, आणि सोबत सल्ला की महिन्यातून एकदा आपली संत्री तपासून घ्या. ज्या अवयवाविषयी बोलायचे त्याच्या जागी फळाचे नाव टाकले होते.

सोशल मीडियावर संताप उसळला. डॉक्टर बोलल्या, रुग्ण राहिलेल्या बायका बोलल्या. ज्या देशात अवयवाचे नाव घ्यायची हिंमत नाही तिथे जनजागृती कसली, असा त्यांचा सवाल होता. दिल्ली मेट्रोने जाहिरात अयोग्य ठरवून काढून टाकली. संस्थेच्या वतीने सांगण्यात आले की संत्र्याची कल्पना विचार करूनच निवडली होती, आणि आजवर ३ लाख महिलांपर्यंत माहिती पोहोचवली, दीड लाख महिलांची तपासणी केली.

आपल्या नागपूरला सारा देश संत्रानगरी म्हणतो, म्हणून इथे या प्रकारावर विनोदही बरेच झाले असतील. विनोद बाजूला ठेवून एक प्रश्न विचारायला हवा. अशा कोणत्याही संस्थेवर टीकेची झोड उठते तेव्हा तिच्या नावाने घरोघरी फिरणाऱ्या बायकांचे काय होते? जाहिरात दुसऱ्याच शहरात, दुसऱ्याच कोणीतरी बनवलेली असते. पण मोमिनपुरा, ताजबाग, हसनबाग, टेका किंवा जाफरनगरमध्ये दार वाजवणारी आपा मोहल्ल्यातलीच असते. लोक जाब तिलाच विचारतात. घरचेही म्हणतात, "छोडो ना, लोग क्या बोलेंगे." तिने काम सोडावे का, हाच या लेखाचा विषय आहे.

आकडे काय सांगतात

आधी आजाराचा आवाका समजून घेऊ. भारतातील महिलांमध्ये आज सर्वाधिक आढळणारा कॅन्सर स्तनाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार महिलांना हा आजार झाला आणि सुमारे ९८ हजार महिलांचा मृत्यू झाला. म्हणजे वर्षभरात दोन नवीन रुग्णांमागे साधारण एक मृत्यू. अमेरिकेत निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्या महिलांचे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास आहे, आपल्याकडे ते ६६ टक्क्यांच्या आसपास. आजार एकच, औषधेही बरीचशी तीच. मोठा फरक उशिराचा आणि अर्धवट सुटलेल्या उपचारांचा आहे.

दुसरा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा. २०१९ ते २१ च्या पाहणीनुसार ३० ते ४९ वयाच्या महिलांपैकी आयुष्यात एकदा तरी स्तनाची तपासणी झालेल्या महिला देशभरात एक टक्कासुद्धा नाहीत. ०.९ टक्के. हा आकडा सगळ्या समाजांचा मिळून आहे. त्यामुळे "मुस्लिम बायकाच मागे आहेत" असे कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. संपूर्ण देशच मागे आहे. पण आपल्याकडे लाज, पर्दा, महिला डॉक्टर नसणे आणि पैशाची ओढाताण हे सगळे एकत्र आले की उशीर आणखी वाढतो, हेही नाकारता येत नाही.

टीका एकच नसते

संस्थेवर टीका झाली की आपण दोनपैकी एक करतो. "सगळ्या संस्था अशाच" म्हणून हात झटकतो, किंवा "आमची संस्था चुकूच शकत नाही" म्हणून भांडायला उभे राहतो. दोन्हींमुळे काम बिघडते. टीका कशावर आहे हे आधी वेगळे करून बघावे लागते. ती संदेशावर असते, पैशावर आणि राजकारणावर असते, किंवा बाईने असले काम करण्यावरच असते. प्रत्येकीचे उत्तर वेगळे आहे.

संत्र्याच्या जाहिरातीवरची टीका संदेशावरची होती आणि ती बरोबर होती. ज्या बाईला आपल्या दुखण्याचे नाव घेता येत नाही ती डॉक्टरकडे गेल्यावरही "छाती में थोड़ा दर्द है" एवढेच सांगते, आणि दर्दाची गोळी घेऊन परत येते. सुरुवातीची गाठ तर बहुतेक वेळा दुखतच नाही. म्हणून शब्द नीट असणे हा उपचाराचाच भाग आहे.

पण त्या गदारोळात एक जास्त महत्त्वाचा मुद्दा मागे पडला. सगळे फळावर बोलले, "महिन्यातून एकदा तपासा" या सल्ल्यावर फार कमी लोक बोलले. चीनमधील शांघायमध्ये यावर फार मोठा अभ्यास झाला होता. कापड गिरण्यांतील २ लाख ६६ हजारांहून अधिक कामगार महिला त्यात होत्या. अर्ध्या महिलांना स्वतःच्या हाताने तपासणी कशी करायची हे नीट शिकवले, अर्ध्यांना नाही. २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिकवलेल्या महिलांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाले नव्हते. साध्या, धोका नसलेल्या गाठींच्या बायॉप्सी मात्र वाढल्या होत्या.

याचा अर्थ आपल्या शरीराकडे लक्ष देऊ नये असा नाही. आपले शरीर कसे आहे हे माहीत असेल तर बदल लवकर कळतो, आणि बदल कळला की लगेच दाखवायचे. पण फक्त पत्रक वाटून "घरीच तपासा" सांगून संस्थेची जबाबदारी संपत नाही, हे यातून कळते.

मग उपयोग कशाचा होतो? याचे उत्तर आपल्या मुंबईतून आले आहे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत एक अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक महिला त्यात होत्या. मशीन नव्हते, मॅमोग्राफी नव्हती. प्रशिक्षण घेतलेल्या महिला आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करत आणि आजाराची माहिती देत. वीसहून अधिक वर्षांनी, २०२१ मध्ये, निकाल आला. तपासणी झालेल्या गटात आजार आधीच्या टप्प्यात सापडला. ५० वर्षांवरील महिलांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. सर्व वयोगट मिळून दिसलेली घट मात्र ठाम म्हणता येईल इतकी नव्हती, हेही डॉक्टरांनी स्पष्ट लिहिले.

हा अभ्यास आपल्या स्वयंसेविकांनी लक्षात ठेवावा असा आहे. वस्तीतल्या बाईचा हात, तो शिकलेला असेल तर, जीव वाचवू शकतो. "शिकलेला असेल तर" ही अट विसरायची नाही. त्यामुळे कोणतीही संस्था आपल्या मोहल्ल्यात आली तर पहिला प्रश्न हा: तपासणी कोण करणार आणि तिला शिकवले कोणी?

निर्णय वरच्यांचा, भोग खालच्यांना

पैशाच्या आणि राजकारणाच्या टीकेचे सर्वात मोठे उदाहरण अमेरिकेतले आहे. सुझन कोमेन नावाची महिला १९८० मध्ये स्तनाच्या कॅन्सरने गेली. तिच्या बहिणीने १९८२ मध्ये तिच्या नावाने संस्था काढली. हजारो स्वयंसेवक शहरोशहरी धावण्याच्या शर्यती भरवायचे, वर्गणी गोळा करायचे. गुलाबी रिबन घरोघरी पोहोचवण्यात या संस्थेचा मोठा वाटा होता.

जानेवारी २०१२ च्या शेवटी बातमी आली की गरीब महिलांची स्तन तपासणी करणाऱ्या एका संस्थेला दिली जाणारी मदत कोमेनने थांबवली आहे. ती दुसरी संस्था गर्भपाताची सेवाही देते, आणि अमेरिकेत तो राजकारणाचा तापलेला विषय आहे. थांबवलेली रक्कम तपासणीसाठीची होती. तीन दिवस देशभर गदारोळ झाला. ३ फेब्रुवारीला कोमेनने माफी मागून निर्णय फिरवला. मग दुसऱ्या बाजूचे लोक नाराज झाले. दोन्हीकडचा विश्वास गेला. लोक शर्यतींना कमी येऊ लागले आणि २०१३ मध्ये संस्थेने जाहीर केले की पुढच्या वर्षी तीन दिवसांच्या पदयात्रा १४ पैकी ७ शहरांत होणार नाहीत.

तो निर्णय वरच्या मंडळींनी घेतला होता. पण आपल्या गावात वर्गणीचा डबा घेऊन उभ्या असलेल्या बाईला लोकांच्या शिव्या खाव्या लागल्या. आणि शेवटी नुकसान त्या महिलेचे, जिची तपासणी त्या पैशातून होणार होती.

त्याआधीही प्रश्न होतेच. २००२ मध्ये अमेरिकेतीलच रुग्ण महिलांच्या एका संघटनेने लोकांना सांगायला सुरुवात केली होती की गुलाबी रिबन दिसली म्हणून वस्तू विकत घेण्याआधी विचार करा, त्यातले किती पैसे कुठे जातात ते विचारा. २०१० मध्ये तळलेल्या चिकनची एक मोठी कंपनी कोमेनसाठी गुलाबी बादल्यांतून चिकन विकत होती, तेव्हा आरोग्याच्या नावाने हे काय चालले आहे असे लोकांनी विचारले. हे टीकाकार कॅन्सरच्या कामाचे दुश्मन नव्हते. त्यांच्यात अनेक जणी स्वतः आजारातून गेलेल्या होत्या.

आपल्याकडेही फेब्रुवारी २०२४ मध्ये एका अभिनेत्रीच्या मृत्यूची खोटी बातमी पसरवण्यात आली. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरविषयी जनजागृती करायची होती म्हणे. दुसऱ्या दिवशी ती जिवंत असल्याचे तिनेच सांगितले. ज्यांच्या घरात त्या आजाराने खरेच कोणी गेले होते त्यांना काय वाटले असेल? आणि पुढच्या वेळी खरी माहिती घेऊन एखादी स्वयंसेविका दारात आली तर लोकांनी तिच्यावर विश्वास का ठेवावा?

नागपूरचा नाजूक प्रश्न: हॉस्पिटल कोणाचे?

आता आपल्या शहराकडे येऊ. नागपुरात कॅन्सरच्या उपचारांची सोय विदर्भातल्या इतर जिल्ह्यांपेक्षा खूप चांगली आहे. राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कॅन्सर रुग्णालय कित्येक वर्षांपासून गरीब रुग्णांना ओळखीचे आहे. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालये आहेत, आणि मेयो तर मोमिनपुऱ्याच्या अगदी जवळ. मिहानमध्ये एम्स आहे. वर्धा रोडवर जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट हे मोठे रुग्णालय उभे राहिले आहे.

या शेवटच्या रुग्णालयाबद्दल आपल्या घरांत दबक्या आवाजात बोलले जाते, म्हणून इथे उघड लिहितो. ते चालवणारी संस्था डॉ. आबाजी थत्ते यांच्या नावाची आहे. थत्ते हे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे प्रचारक होते. एप्रिल २०२३ मध्ये उद्घाटन सरसंघचालक मोहन भागवत यांच्या हस्ते झाले. ही सगळी जाहीर माहिती आहे. मार्च २०२५ मध्ये नागपुरात झालेल्या हिंसाचारानंतर अविश्वास आणखी वाढला, हेही आपण सगळे जाणतो. मग अशा ठिकाणी आपल्या बायकांनी उपचारासाठी जावे का? आपल्या मुलींनी तिथल्या शिबिरात स्वयंसेविका म्हणून उभे राहावे का?

आपले राजकीय मत आपल्यापाशी राहू द्या, ते कोणी मागत नाही. पण रुग्ण बाईपुढचे प्रश्न वेगळे असतात. तपासणीची तारीख कधीची मिळते? महिला डॉक्टर किंवा नर्स सोबत असते का? रेडिएशनचे मशीन चालू आहे का? सरकारी योजनेत उपचार होतात का? राहायची सोय काय? या प्रश्नांची उत्तरे जिथे चांगली मिळतील तिथे जावे, मग ते तुकडोजी असो, मेडिकल असो, एम्स असो की जामठा. कोणी वाईट वागणूक दिली तर तक्रार करावी, लेखी करावी, आणि समाजाने तिच्या पाठीशी उभे राहावे. केवळ भीतीपोटी रुग्णाला घरी बसवले तर त्याची किंमत फक्त ती रुग्ण मोजते.

शिबिरात काम करणाऱ्या मुलीवर "तू त्यांच्याकडे गेलीस" असा ठपका ठेवणाऱ्यांनीही विचार करावा. तिथे तिच्यामुळे एखाद्या खालाला आपल्या भाषेत बोलणारे कोणी मिळाले असेल, तपासणीच्या वेळी पडदा नीट लावून घेणारे कोणी मिळाले असेल. तिने कोणाचा झेंडा घेतलेला नाही. आणि संस्थेने तिचा फोटो प्रचारासाठी वापरायचे ठरवले तर "नाही" म्हणायचा हक्क तिला आहे. ती अट तिने पहिल्याच दिवशी सांगावी.

"असल्या गोष्टी बायकांना शिकवता?"

तिसरी टीका आपल्या घरातली. तिला टाळून चालणार नाही. अनेक बुजुर्गांना खरोखर वाटते की या विषयावर उघड बोलणे हयाच्या विरुद्ध आहे. त्यांची चेष्टा करून काही मिळत नाही. हया हा ईमानचा भाग आहे, हे आपण सगळेच मानतो.

पण हया म्हणजे अज्ञान असे आपल्या दीनने कधी शिकवले नाही. अन्सारी स्त्रिया दीनमधल्या अगदी खासगी गोष्टीसुद्धा विचारत, लाज त्यांच्या आड येत नसे, म्हणून हजरत आयशा (रजि.) यांनी त्यांची तारीफ केली होती. हजरत रुफैदा (रजि.) यांचा तंबू मस्जिदे नबवीजवळ होता, खंदकच्या लढाईत जखमी झालेले हजरत साद बिन मुआज (रजि.) यांना तिथेच ठेवले होते. आजारी माणसाची सेवा करणारी बाई आपल्या इतिहासात पहिल्या पिढीपासून आहे. एक जीव वाचवण्याचे मोल सूरह माइदामध्ये किती मोठे सांगितले आहे, हे जुम्याच्या बयानात आपण ऐकत आलो आहोत.

विषय बायकांचा असेल तर बायकांच्या बैठकीत, महिला डॉक्टरकडून, बंद दाराआड बोलता येतो. त्यात बेपर्दगी कुठे आली? उलट आजार वाढून जखम फुटल्यावर चार हॉस्पिटलांत, दहा डॉक्टरांपुढे जावे लागते. लवकर दाखवलेल्या बाईची पर्दादारी जास्त राहते. हे इमाम साहेबांनी मर्दांना सांगितले पाहिजे, कारण बहुतेक घरांत दवाखान्यात कधी जायचे हे नवरा, भाऊ किंवा मुलगा ठरवतो. जून २०२४ मध्ये अभिनेत्री हिना खान यांनी आपल्याला तिसऱ्या टप्प्याचा स्तनाचा कॅन्सर असल्याचे स्वतः जाहीर केले, तेव्हा आपल्या कितीतरी घरांत हा शब्द पहिल्यांदा मोठ्याने बोलला गेला असेल. तेवढेही पुष्कळ झाले.

सांगायचे ते असे सोपे आहे. स्तनात किंवा बगलेत गाठ, त्वचेला खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत होणे, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्त येणे, आकार अचानक बदलणे. यातले काही दिसले तर थांबायचे नाही. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, हेही सांगायचे, म्हणजे बाई घाबरून लपवणार नाही. सुई लावली की कॅन्सर पसरतो, ही समजूत खोटी आहे. बायॉप्सीशिवाय उपचार ठरवताच येत नाहीत.

आणि नुस्ख्यांच्या मागे लागायचे नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीच्या कॅन्सरवर आहारातल्या बदलांनी मात केल्याचे सांगितले, तेव्हा टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कॅन्सर डॉक्टरांनी सहीनिशी पत्रक काढून लोकांना सावध केले. हळद, कडुलिंब खाऊन कॅन्सर बरा होतो याला पुरावा नाही, रुग्णांनी उपचार थांबवू नयेत असे त्यांचे म्हणणे होते. कॅन्सर बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. दुआ जरूर करा, दमही करून घ्या, पण इलाज सोडू नका.

पैशाचा हिशेब मागणे बेअदबी नाही

संस्थेसाठी वर्गणी मागणाऱ्या प्रत्येक स्वयंसेविकेने आधी संस्थेला हिशेब मागावा. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवले जातात आणि त्यांना हिशेब तपासून घ्यावे लागतात. नोंदणी क्रमांक काय, मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल कुठे आहे, किती पैसा रुग्णांवर आणि किती कार्यक्रम-जाहिरातींवर गेला, हे विचारायला लाजायचे कारण नाही. जी संस्था या प्रश्नाने रागावते तिच्यासाठी दारोदार फिरू नये.

जकातीचा मुद्दा वेगळा आहे. हनफी मसलकप्रमाणे जकातीची रक्कम हकदार माणसाच्या मालकीची व्हावी लागते. म्हणून गरीब रुग्णाच्या हातात किंवा तिच्या परवानगीने तिच्या उपचारावर ती देता येते, पण संस्थेचे पगार, भाडे, बॅनर यांना ती चालत नाही. त्यासाठी सदका आणि इमदाद आहे. दोन्ही खाती वेगळी ठेवतात का, हे संस्थेला विचारा आणि आपल्या मुफ्ती साहेबांकडून मसला समजून घ्या.

रुग्णाच्या हक्काचा पैसा आधीच उपलब्ध आहे, हेही माहीत हवे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन त्यात येतात. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रेशन कार्ड, आधार आणि उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढून देणारी स्वयंसेविका मोठ्या देणगीइतके काम करते.

संस्थेला कोणत्या मापाने मोजायचे?

जागतिक आरोग्य संघटनेने स्तनाच्या कॅन्सरसाठी तीन साधी मापे दिली आहेत. किमान ६० टक्के रुग्ण पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात सापडावेत. डॉक्टरकडे आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावे. आणि किमान ८० टक्के रुग्णांनी पूर्ण उपचार घ्यावेत.

आपल्याकडचा ऑक्टोबर बहुतेक पहिल्याच मापावर संपतो. शिबिर झाले, फोटो काढले, बातमी आली. शिबिरात ज्या बाईला "मोठ्या दवाखान्यात दाखवा" सांगितले ती गेली का? सोनोग्राफी झाली का? बायॉप्सीचा रिपोर्ट आणायला कोणी गेले का? तिसऱ्या केमोनंतर केस गेले, उलट्या झाल्या आणि ती घरी बसली, तेव्हा तिच्याकडे कोणी गेले का? हार्मोनच्या गोळ्या पाच-पाच वर्षे घ्याव्या लागतात, त्या चालू आहेत का?

इथेच मोहल्ल्यातल्या स्वयंसेविकेची किंमत आहे. कोणतीही जाहिरात ६० दिवस एका बाईचा पाठपुरावा करू शकत नाही. आपल्या गल्लीतली आपा करू शकते. रिक्षात सोबत बसते, फॉर्म भरते, घरी लहान मुले असतील तर शेजारणीकडे सोय लावते, नवऱ्याला समजावते. हे काम संस्थेच्या नावाशिवायही होते आणि संस्थेवर टीका झाली म्हणून थांबत नाही.

तेव्हा काम सोडावे का, या प्रश्नाचे उत्तर असे. संस्था रुग्णांची माहिती किंवा फोटो विचारल्याशिवाय वापरत असेल, हिशेब देत नसेल, न शिकलेल्या हाताने तपासणी करून बायकांना खोटा दिलासा देत असेल, तर ती संस्था सोडावी. सोडताना कारण लेखी द्यावे आणि आपल्याकडच्या रुग्ण महिलांची नावे दुसऱ्या भरवशाच्या माणसाकडे सोपवूनच बाहेर पडावे. जाहिरात वाईट असेल तर आत राहून जोरात सांगावे की हा शब्द, हे चित्र आमच्या वस्तीत चालणार नाही. आणि टीका फक्त "बाई असून हे काम का करते" एवढीच असेल, तर सलाम करून पुढच्या दारावर जावे.

मस्जिद कमिट्यांना आणि जमातींना एक विनंती. या ऑक्टोबरमध्ये रॅली नसली तरी चालेल. प्रत्येक मोहल्ल्यातून चार-पाच बायका निवडा, तुकडोजी, मेडिकल किंवा एम्सच्या डॉक्टरांकडून त्यांना नीट प्रशिक्षण मिळेल अशी व्यवस्था करा, त्यांच्या रिक्षाभाड्याची सोय इमदाद फंडातून करा. आणि पुढच्या ऑक्टोबरमध्ये त्यांना एवढेच विचारा, की ज्या बायकांना गाठ सापडली होती त्यांच्यापैकी कितींचे उपचार पूर्ण झाले.